कु. चिंगी, वय 2 वर्षे, आणि आमचे 14 किलोमीटर

आज सकाळी आमची कुत्री चिंगी 14 किलोमीटर पळाली आणि घरी येऊन परत बॉल माझ्या पायावर आणून टाकला, म्हणजे अजून दम होता पोरीत. पण खरं सांगायचं तर मी हे लिहायला बसलोय ते आनंदापेक्षा रागानं जास्त. तिचं रक्त तपासणाऱ्या त्या लॅबचा राग, वर्ष व्हायला आलं तरी डोक्यातून जात नाही.

चिंगी कारवानी जातीची आहे, मंगळवेढ्याकडच्या पाहुण्यांच्या वस्तीवरून आणलेली. कारवानी म्हणजे ससा दिसला की बाणासारखं सुटणार आणि दोन मिनिटांत जीभ काढून बसणार. मला मात्र सायकलबरोबर निवांत लांब पळणारं कुत्रं पाहिजे होतं. अलास्कातल्या इडिटारोड या कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांच्या रेसचे व्हिडिओ बघून हे खूळ डोक्यात शिरलं, अँकरेज ते नोम, साधारण 1600 किलोमीटर, 1973 पासून दर मार्चमध्ये होते ती. बायको म्हणाली, अहो सोलापुरात बर्फ फक्त रसवंतीत. बरोबर आहे तिचं, पण पद्धत तर घेता येते की. ते लोक थंडी पडायला लागली की सुरुवात करतात, बर्फ नसतो तेव्हा कुत्र्यांना चाकाची गाडी ओढायला लावतात, आधी तीन-चार किलोमीटर आणि मग हळूहळू वाढवत नेतात.

आम्ही दिवाळीनंतर सुरू केलं. दोन आठवडे नुसतं चालणं, मग सायकलशेजारी दुडक्या चालीत 2 किलोमीटर, दर आठवड्याला थोडं जास्त, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी, आणि आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी. डांबर टाळायचं. आम्ही हिप्परगा तलावाकडच्या कच्च्या वाटेनं जायचो. डिसेंबर संपेपर्यंत 6 किलोमीटर आरामात झाले, त्यात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही.

जानेवारीत चिंगी मागं पडायला लागली. चौथ्या किलोमीटरलाच बसायची, ताटातली भाकरी तशीच. जो तो म्हणायचा, कारवानी आहे बाबा, तिला लांबचं जमत नाही. मलाही तेच वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू. तरी दवाखान्यात नेलं, रक्त घेतलं आणि सॅम्पल बाहेरच्या लॅबला गेलं, माणसांच्याच. उद्या रिपोर्ट म्हणाले. उद्या गेलो तर रक्ताची गुठळी झाली, परत सॅम्पल द्या. परत दिलं. त्यात गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजाच्या मिरवणुकीनं रस्ता बंद, लॅब बंद. फोन केला की पलीकडची मुलगी विचारायची, पेशंट उपाशी होता का, आणि मी म्हणायचो, मॅडम पेशंट कुत्रं आहे, की लगेच होल्डवर. नवव्या दिवशी रिपोर्ट हातात आला, त्यावर नाव ‘कु. चिंगी’, वय 2 वर्षे. हसलो आम्ही घरात सगळे. हसायला नको होतं.

प्लेटलेट 1 लाख 62 हजार, समोर छापलेलं नॉर्मल म्हणजे दीड लाखाच्या पुढं, त्यामुळं दवाखान्यातही वरवर बघून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. पण बगा, ती रेंज माणसाची! कुत्र्याची साधारण दोन लाखापासून सुरू होते. म्हणजे आकडा कमीच होता आणि कागद म्हणत होता ठीक आहे. मी पण शहाणा, रिपोर्ट ठीक आहे म्हटल्यावर आळस करतीय असं समजून अजून बारा दिवस पळवलं तिला. हे आठवलं की अजून स्वतःच्याच कानाखाली ओढावीशी वाटते.

तेराव्या दिवशी पोटावर बारीक लाल ठिपके दिसले, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, ताप 104. दुसऱ्या डॉक्टरांकडं धावलो, त्यांनी तिथंच किटवर टेस्ट केली आणि पंधरा मिनिटांत सांगितलं, गोचीड ताप. प्लेटलेट 48 हजारावर आलेल्या. नऊ दिवस आणि पंधरा मिनिटं, एवढाच फरक. मग डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस, जेवणाबरोबर. चौथ्या दिवशीच पोरगी उड्या मारायला लागली, तेव्हा गोळ्या बंद कराव्याशा वाटतात, करू नका, कोर्स पुरा करा. आणि रिपोर्टवर ‘कॅनाइन’ आणि कुत्र्याची रेंज छापलीय का ते काउंटरवरच बघा, नसेल तर तिथंच डॉक्टरांना फोन लावा.

परत सुरुवात मार्चमध्ये, दीड किलोमीटरपासून, आणि तोवर सोलापूरचं ऊन आलंच. एप्रिल-मे फक्त पहाटे सव्वापाचला चालणं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला बाहेर काढायचंच नाही, आपण चप्पल घालतो, ते नाही घालत. खरी वाढ पावसाळ्यापासून झाली, ऑगस्टला 8 किलोमीटर, नोव्हेंबरला 12.

हां, राहिलंच, पट्टा गळ्यात नको, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, नाहीतर सायकल वळवताना गळा आवळला जातो. पळायच्या आधी-नंतर भरपेट खायला घालू नका, असल्या खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो आणि तो जिवावर बेततो. आणि पाणी पीत नसेल तर अलास्कावाल्यांची युक्ती वापरा, पाण्यात मटणाचा रस्सा. आपला तांबडा नाही, कांदा-मीठ-तिखट न घालता नुसतं मटण उकडलेलं पाणी, कांदा कुत्र्याला विषच. चिंगी ते बघून उभी राहते, मला चहा लागतो तसं.

रोज संध्याकाळी मात्र कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधत बसतो. लै किचकट काम आहे, पण आता मुलगा पण बसतो शेजारी चिमटा घेऊन.

परवा त्याच लॅबचा मेसेज आला. प्रिय चिंगी, आपली वार्षिक तपासणी बाकी आहे, थायरॉइडवर 30 टक्के सूट.