हिवाळ्यानंतर पहिली फेरी: १९६७ची एमजीबी पुन्हा रस्त्यावर

हिवाळा सरून चांगलं ऊन पडलं की कव्हर ओढून जुनी गाडी बाहेर काढायचा मोह आवरत नाही. माझं ऐकाल तर उन्हाकडे बघू नका, रस्त्याकडे बघा. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ रस्त्याच्या कडेला आणि खाचखळग्यांत आठवडेच्या आठवडे राहतं. दोन-तीन दणकट सरी पडून रस्ता धुऊन निघेपर्यंत मी गाडीला हात लावत नाही. माझी एमजीबी म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार. तिला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार पत्र्याच्या मोनोकॉक (एकसंध) बॉडीवर असतो. दाराखालचे सिल, म्हणजे पत्र्याचे लांब पट्टे, गंजले की गाडीचा कणाच गेला म्हणायचा.

गाडी १९६७ची रोडस्टर (उघड्या टपाची), १७९८ सीसीचं इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन एसयू कार्बोरेटर, तारांची चाकं, लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारी गिअरबॉक्सची जादा सोय). १९६२ ते १९८० या काळात एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि पुढे लिहिलेलं बरंचसं या काळातल्या कुठल्याही कार्बोरेटरवाल्या गाडीला लागू पडेल.

बरेच जण हिवाळ्यात दर आठवड्याला पाच-दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवतात. तेवढ्यात ऑइल नीट तापत नाही, दमट वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते आणि आतून गंज धरतो. ठेवण्याआधी ऑइल बदला, टाकी काठोकाठ भरा, हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावा आणि वसंतापर्यंत गाडीला झोपू द्या.

बाहेर काढायच्या आदल्या दिवशी मी सगळं सावकाश तपासतो. सर्वांत आधी एअर फिल्टरचे डबे उघडायचे, कारण उंदरांना घरटं करायला त्याहून उबदार जागा सापडत नाही. मग बॅटरी. या मॉडेलमध्ये सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. नव्या गाड्यांच्या सवयीने निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं समजून चार्जर किंवा रेडिओ जोडलात तर घोटाळा होईल. वायर काढताना बॉडीची आधी काढायची, लावताना शेवटी. विश्रांतीतल्या बॅटरीचं व्होल्टेज एकूण १२.६च्या आसपास हवं. १२.४च्या खाली असेल तर आधी चार्ज करा.

क्लचची परीक्षा इंजिन सुरू करण्याआधीच होते. सपाट जागेवर पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि कुणाला तरी गाडी ढकलायला सांगा. गाडी हलली नाही तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. यंदा गाडी सहज हलली. दमट जागेत ठेवलेल्या गाड्यांत हा त्रास हमखास होतो.

ब्रेकचा पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. पाय हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलमध्ये उतरवणारा भाग) गळतोय आणि फेरी रद्द. यात दयामाया नको. या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट आहे, एका जागी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रकारचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या डॉट ४साठी प्रमाण फक्त १५५ अंशांचं आहे. दर दोन वर्षांनी ते बदलणं हा जिवाचा विमा आहे.

टायरमध्ये हवा भरताना बाजूवरचा चार आकडी कोडही वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाड्या फार पळत नाहीत, त्यामुळे नक्षी शिल्लक असते आणि रबर मात्र कडक होऊन गेलेलं असतं. दहा वर्षांपुढचे टायर मी ठेवत नाही.

आता सुरू करणं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं होतं. चौथा गिअर टाकून गाडी हातभर पुढे-मागे ढकलली, इंजिन मोकळं फिरलं. मग ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलची बारीक वायर काढून, प्लगशिवायच स्टार्टर थोडा थोडा फिरवला. ऑइल प्रेशरचा काटा उचलला गेला तेव्हाच प्लग आणि वायर परत लावली. चावी फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाची टकटक सुरू होते. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की ती मंदावून थांबायला हवी. या वेळी थांबेना, आणि पुढच्या कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं. चावी लगेच बंद केली. वाटी भरल्यावर पेट्रोल बंद करणारी फ्लोटची (तरंगत्या गोळ्याची) सुई अडकली की असं होतं. झाकणावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन हलक्या टिचक्या मारल्या, सांडलेलं पुसलं, वास पूर्ण जाऊ दिला आणि पुन्हा चावी फिरवली. टकटक थांबली. फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवून हे काम करा, आणि ठिबकणं थांबत नसेल तर स्टार्टरला हात लावू नका.

इंजिन चोकवर लागलं. सुरुवातीचा निळसर धूर सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा, थोड्या वेळात जातो. पांढरी वाफही गरम झाल्यावर विरते. तो धडधडणारा आवाज इतक्या महिन्यांनी ऐकताना मला दरवर्षी तितकाच आनंद होतो.

पहिल्या फेरीसाठी घराभोवतीचा वळसा निवडा, म्हणजे कुठेही बंद पडलात तरी घर फार लांब नसतं. हमरस्ता टाळा, कडेला थांबता येईल असा शांत रस्ता घ्या. माझा मित्र त्याच्या रोजच्या गाडीतून मागे होता. ब्रेकलाइट, इंडिकेटर, धूर, एखादं डुगडुगणारं चाक, हे सगळं मागच्यालाच नीट दिसतं. निघताना ब्रेक दोन-चारदा हलके दाबून डिस्कवरचा गंज घासून काढला. पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग थरथरत होतं, कारण एकाच जागी उभं राहून टायर खालून चपटे होतात. टायर तापल्यावर थरथर गेली. तापूनही गेली नाही तर बॅलन्सिंग किंवा टायरची आतली गुंफण तपासायला हवी.

पाण्याचा काटा लवकर मध्यावर येतो, त्यावर जाऊ नका. ऑइल तापायला बराच जास्त वेळ लागतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं मी तीन हजार आरपीएमच्या वर जात नाही. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर चालत्या गाडीत दर चौरस इंचाला ५० ते ८० पाउंड आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) १० ते २५ पाउंड असावं.

साधारण दहा किलोमीटरवर थांबलो आणि चारही चाकांच्या हबजवळ (मध्याजवळ) तळहात नेला. हा थांबा कधीही चुकवू नका. डावं मागचं चाक बाकी तिघांपेक्षा स्पष्ट गरम लागलं. ठोकळे लावून जॅकवर घेतलं तर चाक हाताने जेमतेम फिरत होतं. हँडब्रेकचा दांडा खाली असूनही ॲक्सलजवळची जोडणी सुकून अडकली होती, ब्रेक-शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे) पूर्ण मागे येत नव्हते. तिथे ऑइल मारून कुणीतरी दांडा वर-खाली करत राहिलं की ती मोकळी होते, तशी झाली. ड्रम थंड झाल्यावर पुन्हा फिरवून बघितलं आणि मगच निघालो.

नंतरचा चढाचा रस्ता निव्वळ सुख होता. टप खाली, तिसऱ्या गिअरमध्ये वळणं, आणि सपाटीवर आल्यावर चौथ्यात ओव्हरड्राइव्ह टाकला तेव्हा इंजिन एकदम शांत झालं. ओव्हरड्राइव्ह मुद्दाम काही वेळा चालू-बंद करून बघा.

घरी आल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी डाग कुठे आणि कशाचे पडलेत ते कळतं. इंजिन थंड असताना पाणी आणि ऑइल पुन्हा मोजायचं, आणि तारांच्या चाकांचे स्पिनर (चाक धरून ठेवणारे मधले मोठे नट) तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट करायचे. पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला स्पिनर सैल होतो, उलट दिशेला घट्ट. त्यामुळे गाडीच्या दोन बाजूंचे आटे वेगळे असतात. दुसरी बाजू ठोकण्याआधी क्षणभर थांबून दिशा नक्की करा.