आमची वाटचाल : एक शिकंजा आणि खळीचं पातेलं

साताऱ्यात आमचं बाइंडिंगचं दुकान सुरू झालं १९९४ च्या जूनमध्ये. भाड्याची एक खोली, पुस्तक दाबून धरायचा जुना लाकडी शिकंजा, दोन टोचे, दोऱ्याची रिळं आणि खळ शिजवायचं ॲल्युमिनियमचं पातेलं, बस्स एवढंच भांडवल. पण खरं सांगायचं तर दुकानाची सुरुवात त्याच्या चाळीस वर्षं आधी झालीय, आमच्या नानांपासून.

नाना म्हणजे माझे वडील, माण तालुक्यातले. कोरडवाहू जमीन, गावात शाळा चौथीपर्यंत, पुढं शिकले ते फक्त रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगमुळं. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ साली कराडजवळच्या काल्यात संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत, हे आपल्याकडं सगळ्यांना माहितीय. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी पोरांच्या पोटासाठी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. नाना बोर्डिंगात गेले तेव्हा वहिनींना जाऊन वीस वर्षं उलटली होती तरी थोरली पोरं धाकट्यांना जेवताना हे सांगायची म्हणे, आणि नाना आम्हाला सांगायचे तेव्हा मंगळसूत्रापाशी आले की त्यांना पुढं बोलवायचं नाही.

नववीत असताना आजोबा गेले आणि नानांची शाळा सुटली. एका छापखान्यात बाइंडर म्हणून लागले ते तीस वर्षं तिथंच. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवायची आणि दुपारच्या सुट्टीत डबा खाताना त्यातलंच एखादं वाचायचं. फर्मे सुटे असायचे, म्हणजे सोळा पानांची एक घडी, त्यामुळं नानांनी कित्येक पुस्तकं अर्धीच वाचलीत, पुढचा फर्मा दुसऱ्या टेबलावर गेला की गोष्ट तिथंच राहिली. मी कॉलेजला गेल्यावर लायब्ररीतून त्यांच्यासाठी ती आख्खी पुस्तकं आणायचो. मी पण कमवा आणि शिका मधूनच बीकॉम केलं, काम मिळालं ते लायब्ररीत फाटकी पुस्तकं चिकटवायचं, आणि ते काम मला घरूनच येत होतं.

आता थोडं कामाबद्दल सांगतो, कारण बाइंडिंग म्हणजे पुठ्ठा लावणं असं बऱ्याच जणांना वाटतं. जुनं पुस्तक आलं की आधी पाठ सोडवायची, ओल्या फडक्यानं जुनी खळ मऊ करून काढायची, घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाची पट्टी लावायची, मग एकेक जुज, म्हणजे पानांची घडी, दोऱ्यानं शिवत जायचं. याला जुजबंदी म्हणतात. मशीनवर गरम गोंदानं चिकटवलेलं पुस्तक शंभर हातांत फिरलं की पानं सुटायला लागतात, जुजबंदी केलेलं मात्र टेबलावर सपाट उघडतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. खळ आम्ही अजून मैद्याचीच करतो, थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, उतरवताना थोडा मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. वेळ खूप जातो, पैसे मिळतात कमी. तरी गावोगावच्या वाचनालयांचं काम मी कधी परत पाठवलं नाही, कारण त्यांच्याकडं नवीन पुस्तक घ्यायलाच पैसे नसतात, जुनं टिकलं तरच पुढच्या माणसाला वाचायला मिळतं.

१९९८ ची गोष्ट आहे, ती लिहिल्याशिवाय ही वाटचाल पूर्ण होणार नाही. एक गृहस्थ आजोबांची ज्ञानेश्वरी घेऊन आले. मी जुजबंदी नीट केली, कापडी पाठ लावली आणि कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मारलं. त्या आजोबांनी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात अर्थ लिहून ठेवले होते. निम्मे शब्द कापून गेले. ते गृहस्थ बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत बसले, काही बोलले नाहीत, पैसे दिले आणि गेले. मी रात्री कचऱ्याच्या पोत्यातून पट्ट्या शोधल्या, पण त्या कुठल्या पानाच्या हे जुळवणं शक्यच नव्हतं. नानांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले की कुणीतरी आयुष्यभर वाचलेलं होतं रे ते. तेव्हापासून आमच्याकडं जुन्या पुस्तकाला कटिंग नाही, कडा वाकड्यातिकड्या राहिल्या तरी चालतील, आणि नवीन माणूस कामाला आला की त्याला पहिल्यांदा हे सांगतो.

आज आम्ही सात जण आहोत, त्यात चार बायका. शाळांची रजिस्टरं, कॉलेजचे प्रोजेक्ट रिपोर्ट, थिसिस यावर दुकान चालतं. जो कामगार शिकतोय त्याला परीक्षेच्या महिन्यात निम्मी वेळ आणि पगार पूर्ण, हा नियम पहिल्या वर्षापासून आहे. आमच्या एका ताईनं लग्नानंतर सोळा वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, दुपारी शिलाई करता करता भूमितीचे प्रमेय मोठ्यानं म्हणायच्या, आम्हा सगळ्यांचीच पाठ झाली. लॉकडाऊनमध्ये चार महिने एक रुपयाचं काम नव्हतं तेव्हा पगार देताना घरातलं सोनं गहाण ठेवलं. बायको स्वतःहून म्हणाली, वहिनींची गोष्ट तुमच्याच घरात ऐकलीय मी.

जूनमध्ये होस्टेलच्या पोरांची जुनी पाठ्यपुस्तकं फुकट शिवून देतो. यात काही मोठेपणा नाही, नाना तशाच पुस्तकांवर शिकले.

आणि दुकानात एक शेल्फ आहे. बाइंडिंगला टाकून लोक विसरून जातात, फोन करूनही येत नाहीत, अशी पुस्तकं तीन वर्षं थांबून आम्ही त्यावर ठेवतो. संध्याकाळी आसपासची पोरं येऊन बसतात. खूण म्हणून प्रत्येकाला शिलाईच्या दोऱ्याचा एकेक रंग दिलाय. निळा दोरा दोन आठवडे एकाच पानावर आहे, ती पोरगी ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलीय. ते पुस्तक मी बाजूला काढून ठेवलंय, कुणी मागितलं तर दुसरं देतो.