आमची वाटचाल : देवगडचा हापूस, आमची वेबसाइट आणि ग्राहकाचे पैसे

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. वडिलांच्या काळात पेट्या भरायच्या, ट्रकने वाशीला पाठवायच्या आणि दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईपर्यंत वाट बघायची, एवढाच व्यवहार होता. थेट घरपोच आंबा द्यायला सुरुवात झाली ती मुंबई-पुण्यातल्या ओळखीच्या घरांपासून. ऑर्डर फोनवर, पैसे सवडीने बँकेत. २०२० च्या टाळेबंदीत बाजाराची घडी विस्कटली, झाडावर आंबा तयार होता आणि अनोळखी सोसायट्यांमधून फोन येऊ लागले. त्या हंगामानंतर स्वतःची वेबसाइट काढायची हे घरात पक्कं झालं. संगणकाचं शिक्षण घेतलेली माझी पुतणी ते काम बघते. पैशाचा आणि ग्राहकाचा भाग माझ्याकडे.

आंब्याच्या धंद्यात पैशाची खात्री गाडी सुटण्याआधी व्हावी लागते. कपडा परत मागवता येतो. पेटी मात्र एकदा रवाना झाली की वाटेतच आंबा पिकत असतो. पैसे आले नाहीत हे चार दिवसांनी कळून उपयोग काय?

म्हणून पहिला नियम केला तो स्क्रीनशॉटचा. यूपीआयने पैसे भरल्याचा हुबेहूब खोटा स्क्रीनशॉट बनवून देणारी अ‍ॅप सर्रास फिरतात. आम्हाला असे स्क्रीनशॉट दर हंगामात येतात. खात्यात रक्कम जमा दिसल्याशिवाय पेटीवर पत्ता चिकटवायचा नाही, मग समोर कितीही जुनं गिऱ्हाईक असो. सुरुवातीला काही जुन्या ग्राहकांना वाईट वाटलं. एका काकांनी तर विचारलं, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ त्यांना शांतपणे सांगितलं की नियम सगळ्यांना एकच ठेवला, तरच पॅकिंगवरच्या मुलांना तो पाळता येतो. काका आजही आंबा नेतात.

वेबसाइटवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ग्राहकाने पैसे भरले की त्याच्या मोबाइलवर ‘पेमेंट यशस्वी’ असं पान दिसतं. आमच्या दृष्टीने तो पुरावा नाही, कारण ते पान ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उघडतं आणि तिथे येणारी माहिती बदलता येते. पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन आमच्या खात्यात पोचवणारी सेवा, आमच्या सर्व्हरला (वेबसाइट जिथून चालते त्या संगणकाला) स्वतंत्र निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. त्यावर गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही असते. सही जुळली, ऑर्डर क्रमांक जुळला आणि रक्कम पैशापर्यंत जुळली, तरच ऑर्डर पक्की. रक्कमही सर्व्हरच स्वतः मोजतो. ब्राउझरकडून आलेला भाव धरला, तर कुणीही दोन हजारांची पेटी एका रुपयात घेऊन जाईल. शिवाय एकच निरोप दोनदा येऊ शकतो. त्यामुळे त्या व्यवहाराची नोंद आधीच झालेली असेल, तर दुसरा निरोप बाजूला टाकला जातो. नाहीतर एकाच घरी दोन पेट्या जातील.

उलटंही घडतं. पैसे खात्यातून गेले, नेटवर्क तुटलं, ऑर्डर मात्र अर्धवट. अशा वेळी ग्राहक घाबरून पुन्हा पैसे भरायला जातो. आम्ही त्याला आधी थांबायला सांगतो, गेटवेकडे त्या व्यवहाराची स्थिती तपासतो आणि लगेच कळवतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला यूपीआयने भरलेल्या पैशांची पोच मिळाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत, आणि पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे अजून फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून फोनवर मी ते आवर्जून सांगते.

कार्डाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून एकच भूमिका : ग्राहकाचा कार्ड क्रमांक आमच्या सर्व्हरवर येताच कामा नये. ‘पैसे भरा’ दाबलं की ग्राहक थेट गेटवेच्या पानावर जातो, क्रमांक आणि ओटीपी तिथेच भरतो. आमच्याकडे परत येतो तो फक्त व्यवहार क्रमांक. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवायला बंदीच केली आणि त्याच्या जागी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी वापरायचा बदली क्रमांक, आलं. आमच्याकडे साठवलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे आम्हाला काही पुसावं लागलं नाही. कार्डाच्या व्यवहारावर गेटवे साधारण दोन टक्के घेतो, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. आजूबाजूचे बागायतदार विचारतात, एवढं कशाला द्यायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. त्या पैशांत लोकांच्या कार्डाची राखण एक मोठी, तपासणी झालेली यंत्रणा करते, आणि ते काम आमच्या आवाक्यातलं नाही. गेटवे निवडताना मात्र रिझर्व्ह बँकेच्या परवानाधारक पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांच्या (दुकानदारांच्या वतीने ग्राहकांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांच्या) यादीत त्याचं नाव आहे का, एवढं आधी बघावं.

पण कार्ड दुसरीकडे भरलं जातं म्हणून आपली वेबसाइट कशीही ठेवून चालत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या वेबसाइटवर चोरांनी जावास्क्रिप्टच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या, मोजक्या ओळी घुसवल्या आणि लोक भरत असलेली कार्डाची माहिती परस्पर पळवली. कंपनीला २०२० मध्ये दोन कोटी पौंडांचा दंड झाला. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, हे वाचून पुतणीने आमच्या पैसे भरण्याआधीच्या पानांवरून जाहिरातीचा मागोवा घेणारे कोड आणि कोपऱ्यातली चॅटची खिडकी काढून टाकली. आमच्या पानात फेरफार झाला, तर ग्राहकाला भलत्याच पानावर नेता येतं; धोका तो आहे. कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेसाठी कार्ड कंपन्यांनी केलेल्या पीसीआय डीएसएस नियमांच्या नव्या आवृत्तीतही पैशाच्या पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची (अशा कोडच्या तुकड्याची) नोंद आणि ती तिथे का हवी याचं कारण ठेवायला सांगितलं आहे. बाकी एचटीटीपीएस (ब्राउझर आणि वेबसाइटमधली माहिती सांकेतिक करून पाठवणं), प्लगइन म्हणजे वेबसाइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करणं, रोजचा बॅकअप, ही कामं ठरलेल्या वेळी होतात. बॅकअप मात्र नुसता घेऊन थांबू नये, तो दुसऱ्या जागी उतरवून चालतो का ते पाहावं.

हंगामात आमच्याकडे माणसं वाढतात. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, पॅकिंगच्या मुलांना फक्त नाव, पत्ता आणि डझन दिसतात. पैसे परत करण्याचा अधिकार दोघींकडेच, तोही मोबाइल अ‍ॅपवरचा दुसरा कोड टाकल्यावर. जूनमध्ये पाऊस लागला की हंगामी लॉगिन बंद.

एका एप्रिलमध्ये रात्री अचानक छोट्या रकमेच्या ऑर्डरींची रांग लागली, प्रत्येक वेळी वेगळं कार्ड आणि बहुतेक नापास. चोरलेली कार्डं चालतात का, हे बघायला चोर अशा लहान दुकानांचा वापर करतात. पुतणीने लगेच परदेशी कार्डं बंद केली, इंटरनेटवरच्या एकाच (आयपी) पत्त्यावरून होणाऱ्या प्रयत्नांवर मर्यादा घातली, समोर माणूसच आहे ना हे तपासणारा कॅप्चा लावला आणि गेटवेला कळवलं. यशस्वी झालेले थोडे व्यवहार आम्ही सकाळ व्हायच्या आत परत केले. माल पाठवला असता, तर पुढे खऱ्या कार्डधारकाने तक्रार केल्यावर पैसेही गेले असते आणि आंबाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो वेगळ्याच फसवणुकीने. आमचे बागेतले फोटो उचलून, नावात एखादं अक्षर बदलून कुणीतरी पान उघडतं, ‘देवगड हापूस, निम्म्या भावात’ म्हणून आगाऊ पैसे घेतं. देवगड आणि रत्नागिरी हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण फोटोवरून आंबा कुठला ते कळत नाही. कुणी ग्राहकाला फोन करून सांगतं, ‘तुमचे पैसे परत करायचेत, हा क्यूआर स्कॅन करा.’ म्हणून आमच्या प्रत्येक पेटीतल्या चिठ्ठीवर ठळक छापलेलं असतं : पैसे मिळवण्यासाठी कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही, फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर फोन करा. एका आजींनी ती चिठ्ठी वाचून ऐन वेळी फोन ठेवला आणि मग आम्हाला फोन करून सांगितलं. मला फार बरं वाटलं.

यंदा शेजारचे दोन बागायतदार आमच्या वेबसाइटवरून विकणार आहेत. सगळे पैसे आमच्या खात्यात घेऊन नंतर वाटून द्यावेत, असं त्यांनीच सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या वतीने ग्राहकांचे पैसे गोळा करणं हे परवानाधारक अ‍ॅग्रिगेटरचं काम आहे. गेटवेच्या सोयीने प्रत्येक ऑर्डरमधला ज्याचा त्याचा हिस्सा थेट त्याच्या खात्यात जाईल, साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी. तोडणीची मजुरी रोजची असल्यामुळे तेवढ्या दिवसांची रोकड आधी हाताशी ठेवायला त्यांना सांगितलं आहे. दोघांचं केवायसी सध्या चालू आहे.