मारिया सरळ, ड्यूक तिरका

जर्मनीत जुन्या नाण्यांच्या एका लिलावगृहात मी कॅटलॉग लिहितो. ऐकायला भारी वाटतं. रोजचं काम म्हणजे वजनकाटा, भिंग आणि भाव ऐकून हिरमुसलेले चेहरे.

त्या दिवशी सत्तरीच्या एक बाई आल्या. सुयादोऱ्याच्या डबीत कापसात गुंडाळलेलं एक नाणं. काटा १७.३ ग्रॅमवर थांबला. डुकॅट म्हणजे युरोपातलं जुनं सोन्याचं नाणं. एक डुकॅट साडेतीन ग्रॅमला जेमतेम कमी, म्हणजे हे पाच डुकॅटचं. साल १६४०. मी खुर्चीत सावरून बसलो.

बव्हेरियाचा ड्यूक पहिला माक्सिमिलियन याने म्युनिकच्या नव्या तटबंदीच्या निमित्ताने पाडलेलं हे नाणं. एका बाजूला तो स्वतः उभा, भोवती त्याच्या पदव्या. त्यांत ‘इलेक्टर’, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला, ही पदवी ठसठशीत. ती त्याला १६२३ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धातच मिळाली होती. मागच्या बाजूला अख्खं शहर, कोनाकोनांचे बुरूज, फ्राउएनकिर्श या चर्चचे दोन घुमट, आणि वर ढगांत बाळाला घेतलेली मारिया, येशूची आई.

बुरूज पाहून मला हसू येतं. १६३२ च्या मे महिन्यात स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ फौज घेऊन आला, तेव्हा म्युनिकने दरवाजे उघडून दिले. शहर जाळायचं नसेल तर तीन लाख थालर, म्हणजे चांदीची नाणी, टाका म्हणाला. लोकांनी दागिने दिले तरी रक्कम पुरी होईना, तेव्हा ४२ जणांना ओलीस म्हणून नेलं. म्हणजे शहर वाचलं ते खंडणीवर. ड्यूकने मात्र श्रेय मारियाला दिलं, १६३८ मध्ये भर चौकात तिचा स्तंभ उभारला, आणि आणखी दोन वर्षांनी सोन्यावरही तिलाच तटाच्या वर बसवलं.

भिंगाखाली कड फिरवताना माझा हात थांबला. मारियाच्या अगदी डोक्यावर कडेला खरबरीत ठिपका. कधीतरी कडी झाळली होती, पुढे कुणीतरी ती काढून कानस फिरवली होती. आमच्या भाषेत ‘हेनकेलश्पूर’. संग्राहक नाक मुरडतात, भाव घसरतो.

“आजीच्या गळ्यात असायचं,” बाई म्हणाल्या. “गारा पडायला लागल्या की मुठीत धरून बसायची.”

मी नाणं उलटलं. साचे जरा वळून बसलेले होते, त्यामुळे कडीची जागा वर धरली की मारिया ताठ आणि ड्यूकसाहेब चांगलेच कलंडलेले. ज्याने कडी लावली त्याने कोण सरळ हवं ते बघूनच लावली होती.

मला आमच्या आजीची पुतळ्यांची माळ आठवली. व्हेनिसच्या डुकॅटवर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश, डोजे. आमच्याकडे आल्यावर दोघांची मिळून झाली ‘पुतळी’. आजीने डोजेची चौकशी कधी केली नाही.

बाईंना भाव सांगितला. वाटलं होतं, चेहरा पडेल. त्यांनी फक्त विचारलं, “ती खूण घासून घालवता येईल का?”

“येईल,” मी म्हटलं, “पण घालवू नका.”

नोंदीत लिहिलं : ‘कडेला झाळल्याची खूण, मारियाच्या बरोबर डोक्यावर, गळ्यात वापरलेलं.’ साहेबांनी लाल पेन्सिलीने पहिले तीन शब्द ठेवले, बाकीचे खोडले.