तो पॅड कुठल्या प्लगइनचा?

नव्या पोरांना पहिलं गाणं कुठलं ऐकवता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. साउंडचं काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्याच आठवड्यात टेनसीसी या इंग्लिश बँडचं १९७५चं ‘आय’म नॉट इन लव्ह’ ऐकवतो. गाणं निम्म्यावर यायच्या आत प्रश्न येतोच: “सर, मागचा तो पॅड कुठल्या प्लगइनचा?”

पॅड म्हणजे गाण्यामागे पसरलेला सलग, लांब सूर; प्लगइन म्हणजे तो काढून देणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. कुठल्याच नाही. माणसं गातायत ती.

गाणं बँडमधल्या एरिक स्टुअर्ट आणि ग्रॅहम गोल्डमन यांचं. “तू ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं फारसं म्हणत नाहीस,” अशी स्टुअर्टच्या बायकोची तक्रार होती. सारखं म्हटलं तर त्याला काही अर्थ राहील का, हे त्याचं म्हणणं. त्यातून ‘मी प्रेमात नाहीच’ असं घोकणारा गाण्यातला हा गडी जन्माला आला. प्रेयसीचा फोटो भिंतीवर लावलाय, तोही म्हणे डाग झाकायला! आधी त्यांनी ते बोसानोव्हाच्या, म्हणजे ब्राझीलकडच्या एका ठेक्यात केलं. बँडमधल्याच केविन गॉडलीला अजिबात आवडलं नाही आणि गाणं बारगळलं. पण स्टुडिओतली माणसं चाल गुणगुणत राहिली, म्हणून पुन्हा घेतलं. या वेळी गॉडलीच म्हणाला, नुसत्या आवाजांवर करून बघू.

मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमध्ये त्यांचा स्ट्रॉबेरी स्टुडिओ होता. तिथे स्टुअर्ट रेकॉर्डिंग मशीनवर बसला आणि बँडमधले बाकीचे तिघे, गोल्डमन, गॉडली आणि लोल क्रीम, ‘आ’ लावत राहिले. एक सूर सोळा वेळा, म्हणजे एका सुराला ४८ आवाज. मग पुढचा सूर. कोमल-तीव्र धरून सप्तकातले बाराही. तीन आठवडे हेच! सूर अखंड चालावा म्हणून क्रीमने टेपचे लूप, म्हणजे टोकं जोडून सलग फिरणाऱ्या टेप, सुचवले. जवळपास बारा फुटांची टेप, एक बाजू रेकॉर्डरच्या हेडवरून (टेपवरचा आवाज वाचणारा भाग), दुसरी माइकच्या स्टँडवर बसवलेल्या चाकावरून. लूप लांब ठेवायचं कारण साधं: जोडावर ‘टक्’ होतं, ते जितकं उशिरा येईल तितकं बरं. मग प्रत्येक सुराला मिक्सिंग डेस्कवर एक चॅनल दिला आणि चौघांनी मिळून फेडर (आवाज कमी-जास्त करणारे सरकते दांडे) वर-खाली करत डेस्कच वाजवला.

मधली कुजबुज स्टुडिओच्या रिसेप्शनिस्टची, कॅथी रेडफर्नची. स्टुअर्टला फोन आलाय हे सांगायला ती दबक्या आवाजात आत आली आणि क्रीमने तो आवाज हेरला. ओळ कोणती? मोठी मुलं रडत नाहीत. त्या गड्याला याहून बोचरं काय सुनावणार!

सहा मिनिटांचं गाणं जूनअखेर ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं आणि दोन आठवडे राहिलं. अमेरिकेत तीन आठवडे दुसऱ्यावर अडकलं, आणि त्या तिन्ही आठवड्यांत वरचं गाणं दर वेळी वेगळं! व्हॅन मकॉय, ईगल्स, बी जीज. याला नशीब म्हणतात.

मला मात्र त्या डेस्कवरची चिकटपट्टी आवडते. फेडर पूर्ण खाली जाऊच नयेत म्हणून स्टुअर्टने तळाशी आडवी लावलेली. त्यामुळे बाराही सूर गाणंभर धुक्यासारखे मागे राहतात. पोरांना हे सांगून मी हेडफोन देतो आणि गाण्यात पूर्ण शांत जागा शोधायला लावतो. बहुतेकांचा हात नॉइज रिडक्शनसाठी, म्हणजे मागचा नको तो आवाज पुसायला, आधी माउसकडेच जातो.