उंदीर सकाळीच गेला

आज दोन्ही पालख्या पुण्यात. सगळे दर्शनाला गेले, मी पाषाणला लॅबमध्ये, कॉन्फोकल मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत. आईला फोनवर सांगितलं, काम आहे. ती नुसतं "बरं" म्हणाली. जाऊ दे.

सकाळी उंदराच्या फुप्फुसाच्या स्लाइस काढल्या. श्वासनलिकेतून कोमट ॲगारोज (जेलीसारखा पदार्थ) भरायचं, गार करून घट्ट होऊ द्यायचं, मग व्हायब्रॅटोमवर, म्हणजे थरथरत्या पात्याच्या यंत्रावर, 300 मायक्रॉनच्या चकत्या. ॲगारोज न भरता कापलं तर वायुकोश मिटून जातात. संध्याकाळी 37 अंशांवर टाइम-लॅप्स लावला. एक मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पेशी, चमकणाऱ्या जिवाणूंकडे सरकली, एक गिळला, दुसऱ्याकडे वळली. श्वासनलिकेच्या कडेला सिलियाही (पेशींवरचे बारीक केस) वल्हवत होते.

एरवी असं दिसलं की आनंद होतो. आज पोटात कालवलं. उंदीर सकाळीच गेला. ज्याचं फुप्फुस, तोच नाही, आणि ही पहारा देतेय. कोणासाठी? चकतीत रक्त वाहत नाही, म्हणजे रक्तातून येणाऱ्या न्यूट्रोफिलची, दुसऱ्या लढाऊ पेशींची, कुमकही येणार नाही. आहे तेवढ्यांनीच लढायचं. मग वाटलं, माझं तरी काय वेगळं? फेलोशिप संपत आली, थीसिस तिथेच, आणि ज्यांच्यासाठी हे सुरू केलं ते आजोबा आता...

कोणासाठी, हेच परत परत मनात येत राहिलं.

मग मॅक्रोफेजचा शोध लावणारा शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह आठवला. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला, आणि पेशी काट्याभोवती जमल्या. त्या अळीला रक्तवाहिन्याच नव्हत्या. पेशींना कुणी पाठवलं नव्हतं, शेजारी काटा होता म्हणून त्या गेल्या. माझ्या मॅक्रोफेजलाही उंदीर कधी ठाऊक नव्हता. तिला जिवाणूच्या पृष्ठभागावरची खूण कळते, तेवढं पुरतं. मलाही बहुधा तेवढंच पुरतं. समोर ती सरकत असताना मला उठवत नाही, हे खरं आहे.

आणि फुप्फुसातल्या मॅक्रोफेज फिरतात की एका जागी बसतात, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. 2014 च्या पेपरात या पेशी वायुकोशाच्या भिंतीला चिकटून बसलेल्या दिसल्या. 2020 मध्ये कॅलगरीच्या गटाला जिवंत उंदरात त्या एका वायुकोशातून दुसऱ्यात रांगताना दिसल्या. चकतीत त्या काय करतात, किती लांब जातात, ते मोजायचंय. जिवाणू न घातलेली चकती कंट्रोल म्हणून, तुलनेसाठी, लागेल. ती इनक्युबेटरमध्ये आहे, त्याच उंदराची. त्याची एकही चकती वाया जाऊ द्यायची नाही. रात्रभर फ्रेम घेत बसते.