आमची वाटचाल : पुढच्या चाकांचं काम

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज टाकलं की शेजारी लेथ असतो, पलीकडे फाउंड्री आणि हाकेच्या अंतरावर स्पेअर पार्टची दुकानं. आमचं गॅरेज त्याच जोरावर उभं राहिलं. प्रीमियर पद्मिनी गाड्यांच्या काळात पुढच्या चाकांचं काम म्हणजे मुख्यतः किंगपिन, म्हणजे ज्या उभ्या पिनेवर चाक वळतं ती. जुने बुश (पिन ज्यात फिरते त्या नळ्या) ठोकून काढायचे, नवे बसवायचे, लेथवाल्याकडून रीमर मारून भोक मापाला आणून घ्यायचं. पिन हाताच्या दाबाने आत गेली पाहिजे आणि हलवल्यावर डगडगता कामा नये. अँबॅसिडरला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी), आणि ग्रीस भरायच्या निपलकडे दुर्लक्ष केलं की जॉइंट वाजणार हे ठरलेलं.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) घराघरात पोचला. निपल गेले, सीलबंद बॉल जॉइंट (गोळीवर फिरणारे सांधे) आले. ग्रीस मारून आणखी एक पावसाळा ढकलायची सोय संपली आणि लेथवरचं कामही कमी झालं. त्या जागी दोष नेमका कुठं आहे ते शोधणं हेच मुख्य काम होऊन बसलं. त्यानंतर आम्ही जी हत्यारं घेतली ती बहुतेक त्या शोधासाठीच.

गिर्‍हाईक सांगतं, "पुढून आवाज येतोय." तेवढ्यावर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) मागवला की पैसेही जातात आणि आवाजही राहतो. म्हणून आमच्या जॉब कार्डावर आधी प्रश्न असतात. कमी वेगात, बारीक खड्ड्यांवर टकटक वाजतं का? मग संशय आधी स्टॅबिलायझर लिंकवर, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारच्या जोडदांड्यावर. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच 'धप्' येतं का? लोअर आर्मचा मागचा रबरी बुश बघा, कारण ब्रेकच्या वेळी चाक मागं ढकललं जातं आणि तो ताण त्याच बुशवर येतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टण्' वाजतं का? वरचं स्ट्रट बेअरिंग अडकलं असेल, तर स्प्रिंग पिळते आणि झटक्यात सुटते. चाकाच्या वरून आत हात घालून स्प्रिंगवर बोटं ठेवली आणि दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवलं की तो झटका हाताला लागतो.

प्रश्न झाले की गाडी जमिनीवर असतानाच तपासणी. हीच पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. एकाने आत बसून, इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वीतभर भराभर हलवायचं. दुसऱ्याने खाली जाऊन एकेक सांधा मुठीत धरायचा: टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा), मग रॅकचा (स्टिअरिंगच्या दातेरी दांड्याचा) रबर बूट दाबून आतला रॅक एंड, मग रॅकचे क्लॅम्प आणि कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट. झिजलेला सांधा तळहाताला बारीक ठोका देतो. गाडीचं वजन चाकांवर असल्यामुळे टायर स्टिअरिंगला विरोध करतो, म्हणून प्ले (सांध्यातली ढिलाई) उघडा पडतो. तीच गाडी जॅकवर घेतली की चाक मोकळं फिरतं आणि तो ठोका गायब.

जॅक लावायचा तर कुठं, हे गाडीप्रमाणे बदलतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालच्या बॉल जॉइंटवर स्प्रिंगचा भार नसतो, त्यामुळे बॉडीखाली जॅक लावून चाक लोंबकळतं ठेवलं तरी चालतं. सुमोसारख्या टॉर्शन बारच्या, डबल विशबोन (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या) गाडीत मात्र जॅक लोअर आर्मखाली, चाकाच्या जितका जवळ जाईल तितका लावायचा. बॉडीखाली लावला तर बारचा ताण जॉइंट घट्ट धरून ठेवतो आणि संपलेला जॉइंटही चांगला वाटतो. अशा, रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स असलेल्या गाड्यांना टाय रॉडना आधार देणारा आयडलर आर्मही धरून बघावा लागतो. तो वर-खाली हलत असेल तर टाय रॉड एंड कितीही नवे टाका, गाडी रस्त्यावर भटकतच राहते.

चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ दिसला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचे बोल्ट. फक्त डावी-उजवीकडे हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड नाहीतर रॅक एंड. बुशसाठी पहार घालून आर्म हलवायचा. रबराच्या वरच्या बारीक चिरा बघून बुश काढू नये. चीर आरपार गेली असेल किंवा धातूची नळी मधोमध राहिली नसेल, तरच तो गेला. तेल भरलेला बुश असेल आणि बाहेर काळं ओघळलेलं दिसलं, तर पहारीचीही गरज नाही.

लिंकवर संशय असेल आणि हाताला काहीच लागत नसेल, तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून, स्टॅबिलायझर बार वाजणार नाही असा बांधून, शेजारच्या गल्लीतून सावकाश एक चक्कर मारतो. आवाज बंद झाला तर निकाल लागला.

आता कामाकडे. टाय रॉड एंड काढताना लॉक नट पाव आटाच मोकळा करायचा आणि एंड किती आट्यांवर उघडतो ते मोजायचं. नवा तितकाच आत बसवला की गाडी निदान अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवायच्या) मशीनपर्यंत सरळ जाते. टेपर (सांध्याची निमुळती पिन) सोडवायला पुलर उत्तम. नसेल तर नट दोन आटे ठेवून, नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) कानाला एका बाजूला जड हातोडा टेकवायचा आणि समोरून दुसऱ्याने मारायचं. पिनेच्या टोकावर कधीच नाही. बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा, त्याला ग्रीस लावायचं नाही. कॅसल नट (खाचांचा नट) ठरल्या टॉर्कला, म्हणजे ठरल्या जोराला आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर पुढं आवळून जुळवायचं. मागं सोडायचं नाही. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) एकदाच वापरायचा.

ज्या बॉल जॉइंटची पिन नकलमध्ये आडव्या बोल्टने पकडलेली असते, तिथं छिन्नी घालून फट फार उघडली की पकड कायमची जाते. पिनेला खाच असते. बोल्ट हाताने त्या खाचेतून पार गेला तरच पिन पूर्ण बसली.

बुश मात्र आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. बुश प्रेसवरच बसवतो. हातोड्याने ठोकला की बाहेरची नळी तिरपी होते. पोकळी असलेला बुश असेल तर जुना काढण्याआधी आर्मवर खूण करायची, कारण पोकळीची दिशा चुकली की नवा बुशही वाजतो. आणि आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग दोष पार्टला दिला जातो. दोन खांबांची लिफ्ट आल्यावरही आम्ही जुना खड्डा बुजवला नाही, तो यासाठीच. खड्डा नसेल तर लोअर आर्मखाली जॅक लावून बॉडी स्टँडवरून जेमतेम सुटेपर्यंत उचलायची आणि मग आवळायचं.

स्ट्रट उघडताना स्प्रिंग कंप्रेसर समोरासमोर दोन लावायचे आणि स्प्रिंग सीटवर सैल झाल्याशिवाय वरच्या नटाला हात लावायचा नाही. बसवताना नट इम्पॅक्ट गनने आवळायचा नाही. दांडा आत फिरतो आणि सील खराब होतं. स्ट्रटवर तेलाचा ओलसर हात असेल तर तेवढ्यावर बदलत नाही. थेंब ओघळला असेल किंवा टायर टप्प्याटप्प्याने खाल्ला असेल, तर दोन्ही बाजूंचे जोडीने बदलतो. बंप स्टॉप आणि डस्ट कव्हरही सोबतच, कारण खोलाखोलीची मजुरी दुसऱ्यांदा का द्यायची?

करूळ, फोंडा, आंबोली उतरून कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या रॅकचे बूट पावसाळ्यानंतर आवर्जून बघतो. बूट फाटला की पाणी आणि चिखल आत, रॅकच्या दांड्यावर गंज, आणि पाचशेच्या आतला बूट न बदलल्यामुळे अख्खी रॅक बदलायची वेळ. रॅक वाजते म्हणून तिचा ॲडजस्टर आवळून देण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही. मध्ये घासलेली रॅक आवळली की कडेला जाम होते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या काही गाड्यांत खालचे सगळे सांधे ठीक असूनही स्टिअरिंगमध्ये टकटक येते. तिथं कॉलमच्या मोटरमधला छोटा रबर कपलर झिजलेला असतो. तो बदलला की काम झालं, अख्ख्या कॉलमचा खर्च टळतो.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आधी हवेचा दाब, मग सांध्यांतला प्ले शून्य, मग मशीन. आम्ही दोरी आणि गेजवरून कॅमेऱ्याच्या मशीनवर आलो तरी हा क्रम बदलला नाही. टायरच्या खाचांवरून हात फिरवला आणि एका दिशेला धार लागली तर टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचा कोन) बिघडलाय. आतली कडाच गुळगुळीत असेल तर कॅम्बरही (चाकाचा उभा कल) बघायचा. वाकलेला स्ट्रट किंवा आर्म तिथं सापडतो. ईएससी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरवर सेट करावा लागतो, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा घेऊन गाडी परत येते.

पार्टच्या बाबतीत तिन्ही भाव सांगतो: कंपनीच्या पेटीतला, कंपनीला माल देणाऱ्याच्या स्वतःच्या पेटीतला आणि लोकल. दुसरा बहुतेक वेळा परवडतो. लिंक लोकल चालेल. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड लोकल आम्ही बसवत नाही, गिर्‍हाइकाने हातात आणून दिला तरी. तपासणीची मजुरी वेगळी लावतो आणि काम आमच्याकडे झालं तर बिलातून वजा करतो. काढलेले पार्ट डिकीत ठेवून देतो.

आता इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्यात. बॅटरीमुळे त्या जड, आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे लिंकची बारीकशी टकटकही मालकाच्या कानाला लागते. तपासणीची पद्धत तीच. लिफ्टचे पंजे मात्र बॅटरीच्या ट्रेला लागू न देता, कंपनीने दिलेल्या उचलण्याच्या जागांवर रबर पॅड ठेवूनच लावायचे, आणि चाकं जमिनीवरून सुटली की एकदा थांबून चारही पंजे बघायचे.